अर्ध्या पोटी

दर ओणमला आर्द्रा दोनदा जेवायची. बाराला आईकडे, दोनला वडिलांकडे. घटस्फोट त्यांचा, अपचन हिचं. मग ती दोन्हीकडे अर्धंच जेवायला शिकली, तर दोघंही विचारायचे, "तिकडे पोटभर झालं वाटतं?" यंदा वैतागून तिनं दोघांनाही नाही म्हटलं आणि कॉलेजातल्या नवनीतच्या घरी जेवायला गेली.

त्याची आई पुन्हा भात वाढायला आली, तसा आर्द्रानं केळीच्या पानावर हात आडवा धरला. "पुरे, अम्मा."

"एवढ्यात? अजून कुठं जायचंय का, मोळे?" त्यांनी लेकीला विचारावं तसं विचारलं.

"हिचं नेहमीचंच आहे," नवनीत कुरकुरला. "सिनेमा अर्ध्यावर सोडते, भांडणसुद्धा अर्ध्यावर टाकून जाते."

आर्द्रानं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजत आले होते, आणि आज तिला कुठंच जायचं नव्हतं.

तिनं पानावरचा हात काढून घेतला.