डाग कशाचा ते सांगा

आईला न विचारता मुलीने आईची लाँड्री टीव्हीवर नेली. नेली ती नेली, वर हशा पिकवणारी सगळी वाक्यं इस्त्रीवालीच्या तोंडी घातली. मालकिणीच्या वाट्याला किल्ल्यांचा जुडगा आणि "पावती कुठाय?" एवढंच.

शेवटचा, दहावा भाग सगळ्यांनी मिळून दुकानातच बघायचा, हेही मुलीनेच ठरवलं. दुपारी शटर अर्धं ओढलं, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. धुलाईवाले दोघं बादल्या पालथ्या घालून बसले, घरोघर कपडे पोचवणारा चादरींच्या गठ्ठ्यावर. मुलगी इस्त्रीवालीला खेटून बसली. शाळेतून आली की याच टेबलाखाली दप्तर उशाला घेऊन झोपायची, तेव्हाही ती अशीच तिच्या पायांना चिकटलेली असे. आई, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांच्या बाई, काउंटरपाशी उभ्या राहिल्या. कोणीतरी गिऱ्हाईक बघायला हवंच होतं.

पडद्यावरच्या इस्त्रीवालीने एका चढेल गिऱ्हाइकाचा कोट उलटा करून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "डाग कशाचा ते खरं सांगा साहेब, मग निघेल." इथे भाग संपला. धुलाईवाल्यांनी मांड्या बडवल्या. खऱ्या इस्त्रीवालीने ॲप्रनने डोळे पुसले आणि मी एवढी हुशार होय गं, असं विचारलं. मुलीने उत्तरादाखल तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईंनी पावतीपुस्तक उघडलं आणि मिटलं.

मग मुलगी मुद्द्यावर आली. चॅनेलला दुसरा सीझन हवा होता आणि उद्या कळवायचं होतं. आईला पटलं तरच ती लिहिणार होती, नाहीतर दुसरं एखादं दुकान शोधणार होती. काय जमलं, काय फसलं, तोंडावर सांग म्हणाली.

बाईंना तोंडावर सांगायला कोणी शिकवायला नको होतं. वाफ खरी दिसते, त्या म्हणाल्या. ओळखायला बांधतो ते रंगीत दोरे चौथ्या भागात बदलतात आणि वकिलाच्या घरी बेकरीवाल्याचे ॲप्रन जातात, ते झकास जमलंय. आपल्याकडे झालं तेव्हा मात्र कोणी हसलं नव्हतं. हरवलेला शर्ट अंगात घालूनच तो शर्ट मागायला येणारा म्हातारा तर हुबेहूब. पण पाचव्या भागापासून ती काउंटरवरची पोरगी आणि सायकलवाला नुसते एकमेकांकडे बघत बसतात. तीन भाग! तेवढ्यात साठ चादरींच्या घड्या झाल्या असत्या. खळ कोरडीच उकळत्या पाण्यात टाकतात, मग गाठी होणार नाहीत तर काय होणार? आणि ती इस्त्रीवाली कॉलर मधून टोकाकडे दाबते. टोकाला चुणी पडते.

"जिला धड कॉलर येत नाही," बाई म्हणाल्या, "तिला दहा भाग डोक्यावर घेऊन नाचलीस."

इस्त्रीवाली म्हणाली, ती स्वतः टोकाकडून मध्येच येते, तीस वर्षं येतेय. नटीला येत नसेल तर त्यात तिचा काय दोष?

"तुझा कसला दोष. तू आता मोठी माणूस."

इस्त्रीवालीने इस्त्रीचा प्लग काढला, परत लावला. मग मुलीकडे न बघता म्हणाली, "ते डागाचं वाक्य माझं नाही हं. बाई तिकडे गिऱ्हाइकाला सुनवायच्या, मी इकडे तुला हसवायला म्हणून दाखवायचे. अभ्र्याचं, बटणाचं, सगळं त्यांचंच."

मुलगी आईकडे बघत राहिली. टेबलाखाली आवाज एकच पोचायचा, जवळचा.

हे एकदा सगळ्यांसमोर निघालं की जीव थंड होईल, असं बाईंना गेले दहा आठवडे वाटत होतं. झाला नाही. वाक्यं त्यांची निघाली, पण पोर अजून इस्त्रीवालीलाच खेटून बसली होती.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "डाग कशाचा ते खरं सांग."

धुलाईवाल्यांतला एक हसायला लागला आणि दुसऱ्याने कोपर मारल्यावर गप्प झाला. बाहेरून कोणीतरी शटर वाजवलं. बाई वळल्या नाहीत. जुडगा त्यांनी काउंटरवर ठेवून दिला.

"लिही दुसरा," त्या म्हणाल्या. "पण दहा भागांत सगळे कुठे ना कुठे टेकले. त्या मेल्या सायकलीलासुद्धा भिंत मिळाली. मालकीण तेवढी पहिल्यापासून उभी आहे. या खेपेला तिला एक स्टूल दे. इस्त्रीच्या टेबलाजवळ."