कोंडलेला हत्ती

"तुम्ही कोंडलेला हत्ती आहात, मॅडम," नेमणूक कचेरीच्या खिडकीमागचे कुलथे पडद्यावरची नजर न हटवता म्हणाले. "दहा महिन्यांत दोन खोल्या आणि दवाखाना, यापलीकडे तुमची एक चाल नाही. प्रोग्रॅमने तुमची किंमत शून्य धरलीय."

ऋजुताने मांडीवरच्या दहा महिन्यांच्या लेकीला, जुईला, घट्ट धरलं. बुद्धिबळासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम आता माणसांच्या नेमणुका ठरवत होता, आणि तिला प्रयोगशाळेतली आपली जागा परत हवी होती.

"मग यावर उपाय?"

"वाट अडवणारं प्यादं तुमचंच आहे, ही मुलगी. देऊन टाका. सहा वर्षं सरकारी बालगृहात राहील. करा सही."

तिने सहीचा कागद परत सरकवला. कॉलेजच्या बुद्धिबळ संघातून ती खेळलेली होती. बंद डावात हे प्रोग्रॅम फसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते मोकळी घरं मोजत बसतात. जागा न सोडणं हीही खेळी असते, हे त्यांना कळत नाही.

तिने पिशवीतून वाटी-चमचा काढला आणि तिथेच जुईला खिमट भरवायला घेतलं. मागची रांग खोळंबली.

"पाळणाघर आहे का हे?" कुणीतरी खेकसलं.

अर्ध्या तासात कुलथ्यांना घाम फुटला. खिडकी अडली की प्रोग्रॅम त्यांचेही गुण घसरवायचा.

"उठा हो बाई! माझी नोकरी घालवाल!"

"प्रोग्रॅमचा निकाल फिरवणारा फेरनिर्णयाचा शिक्का तुमच्याच हातात आहे. तो माझ्या अर्जावर मारा, उठते," ऋजुता म्हणाली, आणि पुढचा चमचा तिने फुंकर घालून गार केला.