उपाध्यक्षबाईंचा मान

अध्यक्षांची चिठ्ठी वाचून होईपर्यंत भिवराबाईंनी दम धरला. दूध सोसायटीचे अध्यक्ष भगवानराव अचानक बीडला गेले होते, सबब आजच्या बैठकीत उपाध्यक्षबाईंनी खुर्चीत बसावं.

"बसा मावशी," सचिव रामहरी म्हणाला. "तुमचा मान हाय."

मान कसला! चारा छावणी कुठं लावायची, हे आज ठरणार होतं. पाटोद्याच्या फाट्यावर, की डोंगराकडच्या वस्तीवर? वस्तीतली धडधाकट माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. मागं म्हातारे आणि शंभरेक जनावरं. फाटा दोन कोस. एवढं चालायचं त्राण ना जनावरांत उरलं होतं, ना म्हाताऱ्यांत. समितीचे आठ जण हजर होते. चार फाट्याचे, चार वस्तीचे. वस्तीच्या चारांत भिवराबाई एक.

त्या खुर्चीत बसल्या, तशी रामहरीनं नियमांची वही उघडली. "खुर्चीतल्या माणसाला मत न्हाई. बरोबरी झाली तरच."

म्हणजे तीन विरुद्ध चार. भगवानराव स्वतः बसले असते तर चार-चार झालं असतं, आणि शेवटचं मत देऊन निम्म्या गावाचा वाईटपणा त्यांनाच घ्यावा लागला असता. म्हणून बीड.

"आसं कावून?" भिवराबाई भडकल्या.

रामहरीनं बीडला चार वर्षं स्पर्धा परीक्षेचे क्लास केले होते. नोकरी लागली नाही, पण राज्यघटना अंगात राहिली. "देशाचे उपराष्ट्रपती राज्यसभेत खुर्चीवर बसतात. त्यांना तरी कुठं मत हाय? तेबी बरोबरी झाल्यावरच."

"त्यांची गाय दावणीला उपाशी हाय का?"

सगळे हसले. फाट्याचे त्रिंबकराव जरा जास्तच हसले. अध्यक्षपदाला तीनदा पडलेला माणूस, पण फेट्याचा तुरा अजून ताठ.

भिवराबाई उठल्या आणि खाली सतरंजीवर जाऊन बसल्या. "घ्या. मी आता साधी मेंबर. बसवा कुणाला बसवायचं ते."

रामहरीनं वही उलटसुलट चाळली. हजर असलेल्यांतून एकानं बसावं, एवढंच तिच्यात होतं. कुणी हलेना. याच खुर्चीपायी गावात सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते, आणि आज आठही जण मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत होते.

"आरं, बसा की कुणीतरी!" रामहरी वैतागला. "टँकर यायचा टाइम झाला!"

"राहू दे रे," भिवराबाई म्हणाल्या. "त्या खुर्चीत शोभंल आसा माणूसच न्हाई आपल्यात."

त्रिंबकरावांची मान वर झाली. ते उठले. शेजारी बसलेल्या, फाट्याच्याच शहादेवनं धोतर ओढलं, तेही त्यांना कळलं नाही. त्यांनी उपरण्यानं खुर्ची झटकली, तिच्या दोन्ही हातांवर हात टेकून ऐसपैस बसले आणि घसा खाकरला.

"वस्तीच्या बाजूनं कोण?"

चार हात वर झाले. रामहरीनं लिहून घेतलं.

"आन् फाट्याच्या बाजूनं?"

तीन हात वर झाले. आणि चौथा, सगळ्यांत उंच, खुर्चीतून.

"हात खाली घ्या, अध्यक्षसाहेब," भिवराबाई म्हणाल्या. "तुमचा मान हाय."