टिकलेलं गिऱ्हाईक

"हा माणूस चार वर्षं टिकला कसा, तेवढं शोधून आण," रविकांत सरांनी बजावलं होतं. म्हणून बुशरा सकाळच्या एसटीनं नांदेडहून निघाली आणि उदगीरला गाडी बदलून दुपारी देवणीत उतरली.

तिची कंपनी उपग्रहावरून चालणारा रेडिओ घरोघरी देई. संच आणि छपरावरची छत्री फुकट. दुकानदाराचं कमिशन धरून एका गिऱ्हाइकामागं तीन हजार जायचे, महिन्याला यायचे नव्वद. तीन वर्षं टिकला तर त्याच्यापुढं फायदा. पण फुकटचे तीन महिने सरले की लोक रिचार्जच करायचे नाहीत.

बुशराच्या यादीत साडेसहाशे नावं होती. नफ्यात फक्त एक. ग्यानोबा सूर्यवंशी, देवणी. दर तीन तारखेला ती फोन करून रिचार्जची आठवण करून द्यायची आणि दिवस मावळायच्या आत त्यांचे पैसे जमा व्हायचे. एकदाही खाडा नाही.

मार्चअखेर नांदेडचं ऑफिस ठेवायचं की गुंडाळायचं, ते ठरणार होतं. अकरा जणांच्या नोकऱ्या. ग्यानोबाकाका काय ऐकतात ते कळलं, तर त्याच कार्यक्रमावर बाकीची गिऱ्हाइकं धरून ठेवता येतील, असं सरांना वाटत होतं.

शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले ग्यानोबा गोठ्यात गाय धूत होते.

"काका, मी रेडिओ कंपनीतून..."

"बुशरा न्हवं?" ते वळायच्या आधीच म्हणाले. "ये माय, सावलीत बस. अब्बाच्या डोळ्याचं आपरेशन झालं का?"

"झालं काका. आता पेपर वाचतात."

त्यांनी स्वतःच चहा टाकला. घरात दुसरं कुणी नव्हतं. बुशरानं वही काढली.

"काका, रोज काय ऐकता तुम्ही?"

"समदंच चांगलं असतंय की."

"तरी? भीमगीतं? बाजारभाव?"

"ते बी असतंय."

"सकाळी लावता की रात्री?"

"येळ गावंल तसं." त्यांनी बशी तिच्यापुढं सरकवली. "चहा निवून राहिला, पी."

असंच अर्धा तास चाललं. वहीचं पान कोरंच. शेवटी बुशरानं पेन खाली ठेवला.

"काका, आमचं ऑफिस बंद व्हायला आलंय. अकरा घरं आहेत त्याच्यावर. तुम्हाला नेमकं काय आवडतं, तेवढं खरं सांगा. तुमच्यासारखी माणसं आणखी मिळाली तर आम्ही वाचू."

ग्यानोबा उठले. आत गेले आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला संच घेऊन आले. फडकं सोडलं. मागची बाजू जळून काळी पडली होती.

"पयल्याच पावसाळ्यात इज पडली," ते म्हणाले. "तव्हापासनं मुका हाय."

बुशरानं संच उलटून पाहिला.

"मग सांगितलं का नाही? बदलून दिला असता, नाहीतर नाव तरी कमी केलं असतं. चार वर्षं पैसे कशाचे भरले, काका?"

ग्यानोबांनी संच पुन्हा फडक्यात बांधला. गाठ मारेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"नाव कटलं असतं, तर तीन तारखेला तू फोन कशाला केला असतास, माय?"