काढायची तारीख

परदेशातल्या फिरत्या दवाखान्यात महिनाभर बिनपगारी सेवा द्यायला आलेले प्लास्टरमामा दवाखान्याच्या गाडीखाली उताणे पडले होते. सायलेन्सरचा पाइप मधोमध तुटला होता, धूर पेशंटांच्या नाकातोंडात जात होता आणि गॅरेज साठ किलोमीटरवर होतं. "तुटलंय ना? मग हाडच समजायचं," म्हणत मामांनी पाइपची टोकं जुळवली, पत्र्याची पट्टी लावली, ओलं प्लास्टर गुंडाळलं आणि इस्पितळात तीस वर्षं प्लास्टर घालण्याच्या सवयीनं त्यावर काढायची तारीख लिहिली. ड्रायव्हरनं वाकून वाचली. "ही तर सहा आठवड्यांनंतरची. तुम्ही रविवारीच जाताय. काढणार कोण?" आपण घातलेलं प्लास्टर मामांनी कधी दुसऱ्याला काढू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरात त्यांच्याकडे दूध आणण्यापुरतंच काम उरलं होतं. हात पुसून त्यांनी मुलाला फोन लावला. "रविवारी विमानतळावर येऊ नकोस." "का, बाबा?" "एका पेशंटचं प्लास्टर काढायचं राहिलंय."