घोट्याजवळची कातडी

परळच्या इस्पितळात डॉक्टर सरोजिनी प्रधान यांनी शेवंता आणि तिचा मुलगा लहू या दोघांना आत बोलावलं. शेवंता खुर्चीच्या टोकावर बसली. रिपोर्टचं तिला भय वाटत होतं, कारण आजवरचे सगळे रिपोर्ट चांगले आले होते.

संपात नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून दादरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसून तिनंच घर तारलं होतं. आता पायांचे तळवे निखाऱ्यावर धरल्यासारखे भाजत. नसांना करंट लावून तपासणी झाली, तीही नॉर्मल. शेवटी लहूनं, भीतभीत का होईना, वेड्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं होतं. त्या दिवसापासून शेवंतानं त्याच्यापाशी पायांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

डॉक्टरांनी आधी समजावलं, की करंटच्या तपासणीत फक्त जाड नसा कळतात, कातडीतल्या बारीक नसा नाहीत. म्हणूनच त्यांनी घोट्याजवळून आणि मांडीवरून कातडीचा मसुराएवढा एकेक तुकडा काढला होता. त्या तुकड्यांच्या पहिल्या पातळ कापावरून नक्की काही कळेना. तेव्हा त्यांनी आणखी काप करवून घेतले आणि प्रत्येकातल्या नसा स्वतः मोजल्या.

"तुम्हीच बघा," म्हणत त्यांनी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

शेवंतानं डोळा लावला. मांडीच्या कातडीत नसांचे केसाहून बारीक, तपकिरी धागे खालून वर चढलेले दिसले. डॉक्टरांनी काच बदलली. घोट्याजवळच्या कातडीत एखादाच चुकार धागा, तोही अर्ध्यात तुटलेला. बाकी सगळं कोरं.

"म्हंजे खरंच हाय ना, बाय?"

"आहे. तुम्ही सांगत होतात, तिथंच आहे."

गेलेले धागे परत येतील की नाही ते सांगता येत नाही, पण कारण शोधू आणि आग कमी करू, असं डॉक्टर म्हणाल्या. शेवंताला तेवढं पुष्कळ होतं. ती उठली आणि तिनं लहूला आपल्या जागी बसवलं.

लहू वाकला. डॉक्टरांनी त्यालाही दोन्ही काचा दाखवल्या. दाखवून झालं तरी त्यानं मान काही वर केली नाही. खांदे तेवढे हलत होते.

शेवंतानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पुरे आता, बाला. डोले दुखतील तुजे."