गाडीखालचा आवाज

नवऱ्याचं स्वतःचं गॅरेज, आणि बायको मात्र घरासमोर पाठीवर झोपून आपल्या हायब्रिड गाडीचं गिअरचं तेल स्वतःच बदलत होती. शेजारी ठेवलेल्या मोबाईलमधला दाढीवाला तिला सांगत होता, "हळू. काही घाई नाही आपल्याला." त्या 'आपल्याला'वर ती गाडीखाली खुदकन हसली आणि दारात उभ्या नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेल भरायचा वरचा बोल्ट आधी सैल करून बघायचा आणि मगच खालचा उघडून जुनं तेल सोडायचं. नवशिके नेमके इथेच फसतात. जुनं तेल सांडून बसतात, वरचा बोल्ट काही हलत नाही, आणि गाडी जागच्या जागी अडकते. ही पण फसणार, मग झक मारत आपल्यालाच हाक मारणार, म्हणून तो मघापासून बाह्या सरसावून तयार होता.

तिने पाना वरच्या बोल्टला लावला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"यानेच." तिने व्हिडिओ मागे नेला आणि तेवढंच पुन्हा ऐकलं.

"घरात मेकॅनिक असताना त्या दाढीवाल्याचं काय एवढं कौतुक?"

"तुम्हालाच विचारलं होतं आधी. दुसऱ्यांदा विचारलं, तर केवढ्यानं खेकसलात." तिच्या आवाजात रागही नव्हता. "याला दहादा विचारलं, तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगतो."